वाडीतलं ‘राहिलो’

नागपूरहून आलं की कोल्हापुरात लोक दोनच प्रश्न विचारतात. संत्री आणली का, आणि ऊन कसं होतं? संत्री आणली नाहीत, मोसम सरला होता. आणि ऊन कसं होतं हे काय विचारणं झालं? एप्रिलअखेरचं नागपूरचं ऊन ते, दिवेलागणीलासुद्धा घरी जायला तयार नव्हतं. पण तिसरा प्रश्न, की बाई तू तिकडं गेलीस कशाला, हा काही कुणाला सुचत नाही. म्हणून आपण होऊनच सांगते.

मी निवेदिका आहे. सराफांच्या जाहिराती, पतसंस्थांचे वर्धापनदिन, ‘वधूवरांनी कृपया व्यासपीठावर यावं’, हे सगळं माझ्या आवाजात होतं. आवाज चांगला आहे हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात, मी फक्त त्यांना अडवत नाही. भाषा मात्र कमावलेली आहे. आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी जातो’, ‘मी आलो’ असंच बोलतात. पुण्याच्या रेकॉर्डिंगवाल्यांनी हसून हसून ते माझ्या तोंडातून काढलं. त्यामुळं माईकसमोर मी ‘आले’, ‘गेले’ म्हणते आणि घरी दूध उतू गेलं की ‘मेलो गं बाई!’ म्हणते.

तर करुणाचा फोन आला. करुणा नागपूरची, तिशीतली, सिनेमा करणारी. सिनेमा म्हणजे नट-नट्या नव्हेत. ती आणि तिची मैत्रीण नसरीन, एक कॅमेरा, एक माईक, आणि नागपूरला लागून असलेल्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांत काम करणाऱ्या बायका. कुणा जाणकारांनी त्यांना सांगितलं होतं की विषय उत्तम आहे, पण भाषा सगळ्यांना कळेल अशी घ्या, वरून शुद्ध निवेदन टाका. शुद्ध म्हटल्यावर माझं नाव निघालं. ‘ताई, येऊन जा न,’ करुणा म्हणाली. आमचे हे म्हणाले, ‘नागपूरला? ह्या उन्हात?’ मी म्हटलं, कलेत हवामान बघत नाहीत.

सीताबर्डी

करुणानं स्टेशनवरून मला घरी नेलंच नाही. आधी सीताबर्डीचा बाजार. माईकवर चढवायचं स्पंजचं टोपरं फाटलं होतं, ते घ्यायचं होतं. नसरीन तिथंच भेटणार होती. आता नागपुरात उन्हाळ्यात सगळ्या मुली डोळे तेवढे सोडून अख्खं तोंड ओढणीनं गुंडाळून हिंडतात. कोण कुणाची, काही कळत नाही. मी एका पोरीचा हात धरून म्हटलं, ‘काय नसरीन, कशी आहेस?’ ती म्हणाली, ‘मस्त,’ आणि निघून गेली. खरी नसरीन मागं उभी राहून हसत होती.

टोपरं मिळालं. मग पोहे. पोह्यांवर इथं लालभडक तर्री ओततात, हे मला ऐकून माहीत होतं.

‘कोल्हापूरच्या न ताई तुम्ही?’ नसरीननं विचारलं. ‘मंग तुमाले डबल तर्री.’

इज्जतीचा प्रश्न होता. मी म्हटलं, वाढ की, आम्ही तांबड्या रश्श्यावर वाढलेली माणसं. चौथ्या घासाला मला उचकी लागली, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि वर बघितलं तर नसरीनच्या हातात कॅमेरा. तिचा कॅमेरा कधी चालू असतो आणि कधी नसतो, हे करुणालाही कळत नाही म्हणे. कोल्हापूर हरलं आणि त्याचं रीतसर चित्रीकरण झालं.

करुणाच्या घरी

करुणाची आई दारातच उभी होती. ‘जयभीम,’ त्या म्हणाल्या. मी सवयीनं ‘नमस्कार’ म्हटलं. मग माझ्यासाठी त्या ‘नमस्कार’ म्हणाल्या, तोवर मी त्यांच्यासाठी ‘जयभीम’ म्हणून बसले होते. दोघींचंही हुकलं. मग आम्ही हसलो आणि तिथून पुढं आमचं छान जमलं.

आमच्याकडं पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का? पाहुणा नको म्हणतो, पुन्हा विचारतात, तो पुन्हा नको म्हणतो, आणि मग चहा येतो. इथं विचारणं नाही. भला थोरला गडूभर पाणी हातात देतात आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलत नाहीत. ‘पेऊन घ्या पूरं. ऊन लागन तं कोन जबाबदार?’ आईंनी मला असे दोन गडू पाजले आणि मगच बसू दिलं.

करुणाची आई वाडीतल्याच गोदामांत राबलेली. काही वर्षांपूर्वी कुठल्याशा चॅनेलची माणसं आली होती. त्यांनी ह्या बायकांचे हात घेतले, पाय घेतले, पायांच्या भेगा घेतल्या, आणि कुणाचं नावसुद्धा न विचारता निघून गेली.

‘माझ्या आईच्या भेगांच्या मागं बासरी वाजवली त्यांनी,’ करुणा म्हणाली. ‘टीव्हीवर पाहिलं आम्ही. आईचं तोंडच नव्हतं त्याच्यात. तेव्हापासून मी कॅमेरा शिकली.’

‘माह्यं तोंड काई पाहन्यासारखं नाई,’ आई आतून ओरडल्या.

‘पायापेक्षा बरं आहे,’ करुणा म्हणाली.

दुपारी इंदूताई आल्या. सिनेमातली मुख्य बाई. काटक, चाळिशीच्या, कपाळाला आठी आणि डोळ्यांत मिस्कीलपणा, दोन्ही एकदम. गोदामात गावागावांची पार्सलं वेगळी करून रचायचं त्यांचं काम. आईंनी त्यांच्यापुढंही गडू धरला. त्यांनी घोट घेतल्यासारखं केलं, ओठ ओले केले आणि गडू खाली ठेवला. मला वाटलं, तहान नसेल.

‘दुपारपाळी हाय बाई,’ त्या मला म्हणाल्या. ‘पानी पेलं का मंग जा लागते. जाव कुठी?’

तेव्हा कुठं सिनेमा कशाबद्दल आहे ते माझ्या डोक्यात शिरलं. गोदामात बायकांना संडास नाही. पार मागं एक आहे, ड्रायव्हर लोकांसाठी, त्याला आतून कडी नाही. म्हणून ह्या बायका नागपूरच्या उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, पाळी सुटेपर्यंत पाणी पीत नाहीत. लघवीला जळजळतं, ताप येतो, गोळ्या घेतात आणि पुन्हा कामावर जातात. मागणी एवढीच, की बायकांसाठी आतून कडी लागेल असा एक संडास द्या. कॅमेऱ्यासमोर बाकीच्यांनी पाठ दिली होती. तोंड एकट्या इंदूताईंनी दाखवलं होतं. आणि मॅनेजरनं त्यांना आधीच बजावलं होतं की पिक्चरमधून काही निघालं नाही, तर तुम्ही दुसरीकडं काम बघा.

‘भीती नाही वाटत?’ मी विचारलं.

‘वाटते न. काहून नाई वाटनार?’ त्या म्हणाल्या. ‘पन जळजळ त्याच्याहून जास्त होते.’

रेकॉर्डिंग करुणाच्या आतल्या खोलीत. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकीला रजई, आणि आवाज येतो म्हणून कूलर बंद. मी घामानं निथळत ‘पहाटेच्या शांत प्रहरी’ असं वाचत होते. एकदा कुकरची शिट्टी झाली, एकदा गल्लीतून भंगारवाला गेला, एकदा आई दारातून डोकावून म्हणाल्या, ‘बाई जिवंत हाय न?’

सिनेमात इंदूताई बोलताना दिसत होत्या. त्यांचे ओठ हलायचे, पण त्यांचा आवाज बारीक करून वर माझा यायचा. नसरीनला ते अजिबात पटलेलं नव्हतं.

‘ताईचा आवाज चांगलाच आहे,’ ती म्हणाली, ‘पन असं वाटते का इंदूताई सोन्याच्या दुकानात उभ्या आहेत.’

मला राग आला. सराफांना मी तीन दशकं पुरले आहे, हिला पुरेना! करुणानं मध्ये पडून समजूत घातली. ‘साहेब लोकांना समजलं पाहिजे न, नसरीन. त्यांनाच तर दाखवून राहिलो आपण.’

इंदूताईंचं मूळ वाक्य होतं: ‘आमी दिवसभर पानी नाई पिऊन राहिलो.’ मी ते शुद्ध केलं. ‘आम्ही दिवसभर पाणी न पिता राहिलो.’ तेही अशा आवाजात, की माझ्याच अंगावर काटा आला. करुणानं ऐकलं, मान डोलावली, ‘एकदम बराबर’ म्हणाली. आता बघा गंमत. माझ्या कानाला ‘राहिलो’ म्हणजे झालं, गेलं, संपलं. करुणाच्या कानाला ‘राहिलो’ म्हणजे आत्ता चालू आहे. नागपुरात जेवता जेवताच ‘मी जेवून राहिली’ म्हणतात. दोघींनी एकच वाक्य ऐकलं, दोघींना ते बरोबर वाटलं, आणि दोघीही समाधानानं आमरस प्यायला गेलो.

वाडी

सिनेमा दाखवायचा होता वाडीच्या समाजभवनात, सकाळी. अमरावती रस्त्यानं तिथं पोचलो. बाहेर ट्रकांची ही रांग. आत पुढच्या खुर्च्यांवर गोदामाचे मॅनेजर, त्यांच्या शेजारी कामगार खात्यातले एक साहेब. तपासणीचा अधिकार त्यांच्याकडं. साहेब साताऱ्याकडचे, नुकते बदलून आलेले. आपल्या बाजूचं माणूस म्हणून मला उगाच बरं वाटलं. मॅनेजर गोड माणूस, अत्तर लावलेला, सगळ्यांना ‘ताई, बसा न ताई’ म्हणणारा. मागं सतरंजीवर बायका. इंदूताई पुढंच, पदर खोचून.

सिनेमा सुरू झाला. खोटं कशाला बोलू, आवाज सुरेख लागला होता. पत्र्यावरचं ऊन, पार्सलांचे ढीग, इंदूताईंचा चेहरा, आणि वर मी: ‘आम्ही दिवसभर पाणी न पिता राहिलो.’

दिवे लागल्यावर साहेब म्हणाले, ‘छान आहे. परिस्थिती फारच वाईट होती म्हणायची. आता सुधारणा झालीय का?’

करुणा गोंधळली. ‘होती नाही सर. आहे.’

‘पण त्या तर म्हणाल्या, न पिता राहिलो. म्हणजे पूर्वीचं ना?’

मॅनेजरनं ते असं अलगद उचललं की बघत राहावं. ‘बराबर आहे साहेब. पहिले थोडी दिक्कत होती. आता सगळं मस्त आहे. फिल्ममधी त्याईनंच सांगितलं न.’

मी इंदूताईंकडं बघितलं. त्यांना अजून नीट कळलं नव्हतं काय झालं ते, पण मॅनेजर हसतोय म्हणजे आपलं काम गेलं, एवढं बरोबर कळलं होतं. चेहरा पांढरा पडला. ह्या बाईनं एकटीनं तोंड दाखवलं, आणि मी तिच्या तोंडात भूतकाळ घातला! मला स्वतःचा असा संताप आला की मी ताडकन उभी राहिले आणि माझ्या कमावलेल्या, तुपात घोळलेल्या आवाजात नव्हे, तर गंगावेशीत भाजी घेताना लागतो त्या आवाजात ओरडले, ‘मी चुकलो!’

सगळं समाजभवन माझ्याकडं बघायला लागलं. बाई ‘चुकलो’ म्हणतेय म्हणून मागं दोघीचौघी खुदकन हसल्यासुद्धा.

‘साहेब, चुकी माझी हाय,’ मी म्हटलं. शुद्धबिद्ध सगळं गेलं होतं. ‘त्यांनी म्हटलंय नाई पिऊन राहिलो. तुमच्या आमच्याकडं राहिलो म्हणजे झालं गेलं. हितं राहिलो म्हणजे आत्ता, आजसुद्धा. मी मेलीनं ते सुधाराय गेलो आणि वाटोळं केलं.’

साहेब विचारात पडले. मॅनेजर हसत हसत म्हणाले, ‘साहेब, बाई आता सारवासारव करून राहिल्या.’

तेवढ्यात इंदूताई उठल्या. आता त्यांना सगळं कळलं होतं.

‘काय म्हनलं तुमी, साहेब?’ त्या मॅनेजरला म्हणाल्या. ‘सारवासारव करून राहिल्या? मंग बाई आत्ता करून राहिल्या, का मागच्या सालीच करून मोकळ्या झाल्या?’

आधी सतरंजी हसली, मग खुर्च्या हसल्या, मग करुणाची आई इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. मॅनेजर बिचाऱ्याला काहीही बोलायचं तरी ‘राहिलो’ आल्याशिवाय बोलता येईना. करुणानं माझा आवाज बंद केला, इंदूताईंचा मोठा केला आणि ते दृश्य पुन्हा लावलं. ‘आमी दिवसभर पानी नाई पिऊन राहिलो.’ साध्या, कोरड्या आवाजात, जरा चिडून. माझ्या अंगावर खरा काटा आला तो तेव्हा.

‘चला, मला गोदाम दाखवा,’ साहेब म्हणाले.

गोदाम रस्त्याच्या पलीकडंच होतं. आम्ही सगळेच निघालो, ट्रक थांबवत, वरातीसारखे. साहेबांनी मागचा तो संडास पाहिला. आत गेले, दार लोटलं, आणि दार आपोआप उघडलं. त्यांनी पुन्हा लोटलं, ते पुन्हा उघडलं. बाहेर आम्ही सगळ्या बायका उभ्या. साहेब दार धरून आतूनच म्हणाले, ‘कडी नाहीये.’

‘हाव साहेब,’ इंदूताई म्हणाल्या, ‘तेच सांगून राहिलो.’

साहेबांनी मॅनेजरना काय करायचं ते सांगितलं, लेखी देतो म्हणाले. पण लेखी आणि प्रत्यक्ष यांच्यात किती अंतर असतं हे मला चांगलं ठाऊक आहे, मी पतसंस्थांची निवेदनं करते. संध्याकाळी गाडीत बसले तेव्हा कशातच जीव लागत नव्हता. उद्या इंदूताई गेटवर जातील आणि त्यांना आत घेतलं नाही तर? करुणाच्या आईंनी बांधून दिलेली बेसनाची पाटोडी तशीच मांडीवर राहिली. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, ‘कसा झाला कार्यक्रम?’ आणि मी भडाभडा रडले.

पुन्हा वाडी

त्यांना आत घेतलं नाही, हे खरंच झालं. करुणानं फोनवर सांगितलं. गेटवर वॉचमन म्हणाला, ‘आजपासून नाई.’ इंदूताई माघारी वळल्या, तर मागून त्या सगळ्या, पाठ देणाऱ्या, त्यांच्याबरोबर माघारी वळल्या. पार्सलं तशीच पडून राहिली, मग हमालांनीच ती कशीबशी वेगळी केली. नागपूरची पार्सलं अकोल्याला आणि अकोल्याची भंडाऱ्याला जायला लागल्यावर मॅनेजर स्वतः इंदूताईंना परत बोलवायला त्यांच्या घरी गेले. अत्तर लावून गेले म्हणे.

पुढं थंडीत पुन्हा फोन. ‘ताई, फिल्म पूरी झाली. तुमचा आवाज काढून टाकला.’

‘बरं केलंस,’ मी म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाही. माणूस आहे मीसुद्धा.

‘थोडासाक ठेवला आहे,’ करुणा म्हणाली. ‘येजा पाहायले.’

आता थोडासाक म्हणजे कुठला, हे बघायला जाणं आलंच.

ह्या वेळी सिनेमा गोदामाच्या आवारातच होता, पाळी सुटल्यावर. उभ्या ट्रकच्या कडेला पांढरी चादर ताणलेली, समोर खुर्च्या. मॅनेजर जातीनं खुर्च्या मांडून घेत होते. ‘आमच्या गोदामावरची फिल्म आहे,’ असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. त्यांनी मला बायकांचा नवा संडास दाखवला. दारावर त्यांच्या हस्ते उद्घाटन झाल्याची पाटी होती, नाव दारापेक्षा ठळक. मी आत जाऊन कडी लावून बघितली. भक्कम होती. बाहेरून कुणीतरी विचारलं, ‘झालं का वं बाई?’ आणि सगळ्या खिदळल्या.

इंदूताईंनी मला शेजारी बसवून घेतलं. सिनेमा सुरू झाला. निवेदन इंदूताईंचंच होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मागं बासरी नव्हती. ज्या बायकांनी आधी पाठ दिली होती त्या आता तोंडानं होत्या, नावासकट. करुणाची आई पडद्यावर दिसल्या तेव्हा खऱ्या आई ‘अय्यो!’ म्हणून पदरात लपल्या. आणि मग समाजभवन आलं, आणि माझं तोंड अख्ख्या ट्रकभर, आणि माझे ते दोन शब्द. ‘मी चुकलो!’ नसरीनचा कॅमेरा चालू होता तर! सगळं आवार हसलं. तीन दशकांच्या शुद्ध आवाजातलं सिनेमात उरलं ते एवढंच, तेही कोल्हापुरी. खरं सांगते, मला राग आला नाही. मी सगळ्यांत जोरात हसले.

मग इंदूताईंचा तो प्रसंग आला, पार्सलांसमोरचा, ज्याच्यासाठी एवढं रामायण झालं होतं. आणि नेमक्या तेव्हा इंदूताई खुर्चीवरून उठल्या.

‘अहो, आता कुठं? तुमचाच सीन आहे,’ मी हळूच म्हटलं.

‘मले मालूम आहे न काय बोलली मी,’ त्या म्हणाल्या. ‘आलीच जाऊन.’

पदर खोचून त्या आरामात, कुणाच्या मधून जातोय याची पर्वा न करता, आवाराच्या त्या टोकाला गेल्या. कडी लागल्याचा आवाज आला. पडद्यावर इंदूताई सांगत होत्या की आमी दिवसभर पानी नाई पिऊन राहिलो, आणि माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.